निसर्गकवींची भ्रमंती : लेखांक चौथा – बालकवी ठोमरे

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगावी झाला. वडील पोलीस खात्यात असल्याने बदली झाली की बिऱ्हाड हलायचे. शाळा अशी गावोगाव विखुरली आणि शिक्षण जेमतेमच झाले. नदीकाठ, शेतमळे, रात्रीची सामसूम खेडी यांची ओळख मात्र लहानपणीच पक्की झाली.

१९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तिथे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. कीर्तिकर नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञही होते; फुलापानांच्या कवीला पदवी द्यायला याहून योग्य माणूस सापडणे कठीण. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ठोमऱ्यांना अहमदनगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे ठोमरे भेटतात : हट्टी, रुसणारे आणि तितकेच लाघवी. तिथेही ते कायमचे रमले नाहीत. नगर, पुणे, खानदेश अशा फेऱ्या होत राहिल्या. संसार आणि नोकरी यांत स्वस्थता लाभली नाही.

याच सुमारास इंग्रजीत वेल्सचा कवी डब्ल्यू. एच. डेव्हिस गाजत होता. हा तर खराच फिरस्ता. अमेरिकेत फुकट प्रवास करत हिंडला आणि १८९९ मध्ये कॅनडात चालती गाडी पकडताना पाय गमावून बसला. १९०८ साली त्याचे भटकंतीचे आत्मचरित्र बर्नार्ड शॉ यांच्या प्रस्तावनेसह निघाले. डेव्हिसने भटकंती गद्यात सांगितली. बालकवींची अस्वस्थता शोधायची तर ती कवितेतच.

पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचवले ते ‘श्रावणमास’ आणि ‘फुलराणी’. या कवितांत निसर्गाला माणसाचे मन फुटते. ‘फुलराणी’त तर सूर्यकिरणाशी कळीचे लग्नच लागते. पण आनंदाचा कवी एवढीच त्यांची ओळख अपुरी आहे. ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’, ‘उदासीनता’ यांत तोच निसर्ग ओसाड आणि भयाण होतो. दोन्ही सूर एकत्र येतात ते ‘औदुंबर’मध्ये. कविता अवघी आठ ओळींची. नजर पैल टेकडीकडच्या गावावरून हिरव्या शेतांकडे, तिथून पायवाटेने काळ्या डोहाकडे उतरते आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडापाशी थांबते. कवीचा ‘मी’ कुठेच येत नाही, रंगच बोलतात. समीक्षकांनी या आठ ओळींचे नाना अर्थ लावले. चित्र मात्र कुठल्याही अर्थाला पुरून उरते. बालकवींची सर्वश्रेष्ठ कविता हीच.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रूळ ओलांडताना रेल्वेगाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. वय सत्तावीस. तोवर त्यांचा एकही कवितासंग्रह निघालेला नव्हता.