काम जिवावर येतं तेव्हा

काम महत्त्वाचं आहे हे पटलेलं असतं, वेळ असतो, लागणारं सगळं हाताशी असतं, आणि तरी हात त्या कामाला लागत नाही. दिवस उलटतात, मग आठवडे. घरचे म्हणतात, "तू मनावरच घेत नाहीस." आपणही स्वतःला तेच ऐकवतो. मनाच्या या अडेलपणाबद्दल आपल्याकडे काही समजुती अगदी पक्क्या आहेत. त्या माणसाला आहे तिथेच आणखी रुतवतात, म्हणून त्या तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : टाळाटाळ म्हणजे आळस

आळशी माणसाला काम न केल्याचं फारसं काही वाटत नाही. टाळाटाळ करणाऱ्याला ते काम दिवसभर बोचत असतं. तो रिकामाही बसत नाही. कपाट आवरतो, विजेचं बिल भरतो, राहिलेले फोन करतो. नेमकं ते एक काम तेवढं सोडून. फ्युशा सिरॉय आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलं, की चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनात कमी आणि भावना सांभाळण्यात जास्त आहे. काम समोर आलं की भीती, कंटाळा, लाज, दुःख असं काहीतरी वर येतं. काम बाजूला सारलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच ही सवय घट्ट होते. डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ साली विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं इतरांपेक्षा निवांत होती. सत्र संपत आलं तेव्हा त्यांचाच ताण जास्त होता, आजारपणं जास्त होती आणि गुण कमी होते.

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी वडील गेल्यावर सातबाऱ्यावरची वारस नोंद कित्येक महिने लांबवली. मृत्यूचा दाखला होता, प्रतिज्ञापत्र तयार होतं, तलाठी ओळखीचे. भाऊ चिडायचे, ते स्वतःही स्वतःवर चिडायचे. शेवटी एका दुपारी अर्ज पुढ्यात घेऊन, आपलं नेमकं कुठे अडतं एवढंच पाहायचं असं त्यांनी ठरवलं. बाकी रकाने भरताना काही झालं नाही. हात थांबला तो वडिलांच्या नावाआधी 'मयत' लिहायची वेळ आली तिथे. तेवढा शब्द त्यांनी बहिणीला लिहायला सांगितला, ती लिहीत असताना शेजारी बसून राहिले आणि मग सही केली. इतके महिने ज्याला सगळे बेफिकिरी म्हणत होते, ते दुःख होतं.

गैरसमज : स्वतःला फैलावर घेतल्याशिवाय सुधारणा होत नाही

ही समजूत आपल्या घरांत आणि शाळांत फार खोल गेली आहे. ती चुकीची आहे असं मी ठामपणे म्हणेन, कारण पुरावा तसा आहे. कार्लटन विद्यापीठातल्या मायकेल वोल, पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत चालढकल कमी केली. त्यामागचं कारण सरळ आहे. अपराधी भावना त्या कामाला चिकटली की काम आणखी नकोसं होतं, आणि नकोशा गोष्टीपासून मन लांबच पळतं.

दुसऱ्यांच्या दटावणीचंही हेच. विल्यम मिलर हे मानसशास्त्रज्ञ दारूच्या व्यसनात अडकलेल्यांबरोबर काम करत. १९९३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की समुपदेशक जितका रुग्णाला तोंडावर धारेवर धरत होता, तितकी त्या रुग्णाची दारू वर्षभरानंतर जास्त होती. रुग्णाचा विरोध हा त्याच्या स्वभावाचा दोष असं तोवर सर्रास मानलं जाई. समोरचा कसा बोलतो यावर तो विरोध वाढतो किंवा उतरतो, हे मिलर यांच्या कामामुळे पुढे आलं. स्वतःशी बोलतानाही समोरचा माणूस आपणच असतो.

गैरसमज : आत्मभान म्हणजे 'मी असा का?' हे सतत विचारणं

इथे जरा थांबायला हवं, कारण विचारी माणसं इथेच फसतात. 'मी असा का?' या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर क्वचित मिळतं. मिळतो तो आरोप. माझ्यात धमकच नाही, मी लहानपणापासून असाच, वगैरे. हे उगाळणं आणि स्वतःकडे कुतूहलाने पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९९ साली दाखवून दिलं. सुसान नोलेन-होक्सेमा यांचं तर बरंचसं संशोधन उगाळण्यामुळे नैराश्य कसं लांबतं यावरच आहे.

कुतूहलाचे प्रश्न छोटे असतात. आत्ता काय होतंय? छातीत, पोटात, खांद्यांत कुठे जाणवतंय? कामाच्या कोणत्या पायरीला? एका शिक्षिकेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासणं जिवावर यायचं. तिने एकदा लक्ष ठेवून पाहिलं. रिकाम्या जागा, जोड्या लावा भराभर तपासून होत होतं. निबंधापाशी वेग मंदावायचा, पण तिथेही पेन थांबत नव्हतं. पेन थांबायचं ते पास-नापासच्या काठावर असलेल्या मुलांच्या पेपरवर. एका गुणाने एखाद्याचं वर्ष आपल्या हातून जाईल, ही ती भीती होती. मग तिने तसे पेपर वेगळे काढून ते सहकारी शिक्षिकेबरोबर बसून तपासायला सुरुवात केली. गठ्ठा संपायला लागला. 'मी कामचुकार का?' या प्रश्नातून ती इथवर कधीच पोचली नसती.

सापडलेल्या भावनेला नाव दिल्यानेही फरक पडतो. २०१२ साली कटारिना किर्कान्स्की, मॅथ्यू लीबरमन आणि मिशेल क्रास्के यांनी कोळ्याला घाबरणाऱ्या लोकांना खऱ्या कोळ्यासमोर नेलं. काहींना आपली भीती आहे तशी बोलून दाखवायला सांगितलं, तर काहींना 'हा काही करणार नाही' अशी स्वतःची समजूत घालायला. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर नेल्यावर, भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या त्वचेची घामाची प्रतिक्रिया इतरांपेक्षा कमी होती.

गैरसमज : कुतूहल ठीक आहे, पण खरं काम इच्छाशक्तीच करते

इच्छाशक्ती वापरली की संपत जाते, हा सिद्धांत १९९८ पासून फार गाजला. २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. कुतूहलाच्या बाजूचा एक प्रयोग मात्र बोलका आहे. जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचा धूम्रपानमुक्तीचा कार्यक्रम दिला. दुसऱ्याला तलफ आली की तिच्याशी झगडण्याऐवजी ती शरीरात कशी उठते, कुठे चढते, कशी ओसरते हे न्याहाळायला शिकवलं. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सतराव्या आठवड्यात न्याहाळणाऱ्यांपैकी ३१ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ६ टक्के. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर सगळा इमला उभारू नये. पण तलफ न दाबता नुसती पाहिली तरी ती ओसरते, हे त्या लोकांनी स्वतःच्या अंगात अनुभवलं होतं, आणि एकदा तसं अनुभवलं की पुढच्या तलफेचा धाक कमी होतो.

गैरसमज : मनाचा प्रत्येक विरोध मोडूनच काढायचा असतो

नीट पाहिल्यावर कधीकधी कळतं की मन बरोबर आहे. ते काम आपलं नव्हतंच, भिडेखातर होकार दिला होता. अशा वेळी अडखळत काम रेटण्यापेक्षा नकार कळवणं हाच त्यातून निघालेला निर्णय असतो, आणि तो उशिरा का होईना, कळवावा.

काही वेळा मात्र पाहूनही काही हलत नाही. आंघोळ, जेवण, आवडीची माणसं, सगळंच जिवावर येतं, झोप बिघडते आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकतं. ती नैराश्याची लक्षणं असू शकतात. लहानपणापासून प्रत्येकच कामात लक्ष टिकत नसेल तर तपासणीत वेगळं निदानही निघू शकतं. इथे एकट्याने स्वतःचं निरीक्षण करत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.