मैदान, पडदा आणि वर्ग : जे सिल्व्हरहील्स यांची वाटचाल

वार्षिक स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या, की वाघोलीच्या आमच्या वसतिगृहात एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो : कोणाला कोणती भूमिका द्यायची? काही वर्षांपूर्वी नाटकाची जबाबदारी माझ्याकडे होती. कबड्डीच्या संघातील एका उंच, दणकट मुलाला मी दरबाराच्या प्रवेशात भाला घेऊन उभे केले. त्याच्या देहयष्टीकडे पाहून मी क्षणात तो निर्णय घेतला होता. तिसऱ्या तालमीला त्याने शांतपणे विचारले, "सर, मला बोलायला काहीच नाही का?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढे वाचनात जे सिल्व्हरहील्स यांचे चरित्र आले, तेव्हा त्या मुलाचा प्रश्न किती मोठा होता, हे माझ्या ध्यानी आले. या खेळाडूची, नटाची आणि नाट्यशिक्षकाची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना व्हावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

सिल्व्हरहील्स यांचा जन्म २६ मे १९१२ रोजी कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, ग्रँड नदीच्या काठी असलेल्या 'सिक्स नेशन्स' या राखीव वसाहतीत झाला. ते मोहॉक समाजाचे, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांचे मूळ नाव हॅरोल्ड स्मिथ. वडील पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात अधिकारी होते. 'सिल्व्हरहील्स' म्हणजे रुपेरी टाचा. लॅक्रोसच्या मैदानावरील चपळाईमुळे हे नाव पडले, असे सांगतात.

लॅक्रोस हा जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलण्याचा व फेकण्याचा खेळ. तो मोहॉक आणि त्यांच्या बांधव-जमातींनी शतकानुशतके जोपासला. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतकारांनी तो उचलला, त्याचे नियम लिहिले आणि १८८० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय लॅक्रोस संघटनेने मूळ रहिवाशांनाच अजिंक्यपद स्पर्धांतून वगळले. कारण दिले ते असे, की हे लोक पैसे घेऊन खेळतात. ज्यांचा खेळ, तेच बाहेर! पुणेकर वाचकाला येथे पळवणकर बाळू यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पुण्याच्या जिमखान्यावर त्यांनी गोऱ्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी केली, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले. परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. कर्तृत्व मैदानावर मान्य करायचे आणि अधिकार मात्र नाकारायचा, ही रीत दोन्ही खंडांत सारखीच होती.

१९३० च्या दशकात बंदिस्त मैदानावरचा लॅक्रोस लोकप्रिय झाला, तेव्हा तरुण हॅरोल्ड टोरांटो, बफेलो, रोचेस्टर अशा शहरांच्या संघांतून खेळला. तो मुष्टियोद्धाही होता. १९३८ च्या 'गोल्डन ग्लव्ह्ज' स्पर्धेत मध्यम वजनगटात त्याने दुसरा क्रमांक मिळविला. संघासोबत लॉस एंजेलिसला गेला असता विनोदी नट जो ई. ब्राऊन यांनी त्याला हेरले आणि चित्रपटाचा मार्ग दाखविला. आरंभी गर्दीतील माणूस आणि धोक्याची दृश्ये करणारा बदली नट, एवढेच काम मिळे. घोड्यावरून कोसळायचे, गोळी लागून मरायचे, संवाद नाही. म्हणजे हातात भाला घेऊन उभे राहणेच ते!

नाव झाले ते १९४९ मध्ये 'द लोन रेंजर' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. मालिका १९५७ पर्यंत चालली आणि दोनशेहून अधिक भागांत सिल्व्हरहील्स यांनी नायकाच्या साथीदाराची, टोंटोची भूमिका केली. या पात्राचा जन्म समजून घेण्याजोगा आहे. मूळ मालिका १९३३ मध्ये रेडिओवर सुरू झाली. एकट्या नायकाला बोलायला कुणीतरी हवे, म्हणून लेखकांनी टोंटो निर्माण केला; म्हणजे हे पात्र जन्मले तेच दुसऱ्याच्या सोयीसाठी. रेडिओवर त्याला आवाज दिला जॉन टॉड या गोऱ्या नटाने. स्पॅनिश भाषेत 'टोंटो' या शब्दाचा अर्थ होतो मूर्ख. त्याच्या तोंडी घातलेली इंग्रजी तुटकी, व्याकरण सोडलेली. ज्याने हे बोलायचे, तो नट मात्र उत्तम इंग्रजी बोलत होता.

मग सिल्व्हरहील्स यांनी ही भूमिका का स्वीकारली? पुढच्या पिढीतील मूलनिवासी तरुणांनी हा प्रश्न कठोरपणे विचारला आणि त्यांचा राग अनाठायी नव्हता. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्या काळातील पर्यायही पाहिले पाहिजेत. १९५० च्या 'ब्रोकन ॲरो' या चित्रपटात मूळ रहिवाशांकडे सहानुभूतीने पाहिले होते, असे म्हणतात. त्यातही कोचीस या प्रमुख नेत्याची भूमिका जेफ चँडलर या गोऱ्या नटाकडे गेली. सिल्व्हरहील्स यांच्या वाट्याला जेरोनिमोची छोटी भूमिका आली. आपल्या समाजातील थोर पुरुषाचे काम दुसऱ्याने रंग फासून करावे आणि आपण बाजूला उभे राहावे, अशी ती परिस्थिती होती. जे हाती आले, त्यात त्यांनी ताठ कणा, शांत नजर आणि घोड्यावरची सहज मांड एवढे स्वतःचे घातले. लाखो घरांतील मुलांनी पडद्यावर पाहिलेला तो पहिला खराखुरा मूलनिवासी चेहरा होता.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम मात्र पडद्याबाहेर झाले. १९५० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या स्थलांतर-धोरणामुळे राखीव वसाहतींतील अनेक कुटुंबे लॉस एंजेलिससारख्या शहरांत आली होती. १९६० च्या दशकात सिल्व्हरहील्स यांनी शहराच्या इको पार्क भागात 'इंडियन ॲक्टर्स वर्कशॉप' उभे केले आणि मूलनिवासी तरुणांना अभिनयाचे शिक्षण देऊ लागले. संधी मागणाऱ्याला "तुम्हाला अभिनय येतो कुठे?" असे विचारणे नेहमीच सोपे असते. या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येते, तसे प्रशिक्षणानेही देता येते. त्यांनी दुसरा मार्ग निवडला.

खेळाडू चांगला नाट्यशिक्षक का होऊ शकतो, हेही पाहण्यासारखे आहे. कबड्डीत चढाई करणारा एका दमात शब्द घोळवीत राहतो. श्वास कुठे जपायचा आणि कुठे खर्चायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. लांब स्वगत म्हणणाऱ्या नटाला हेच शिकावे लागते. मुष्टियोद्धा प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांकडे आणि खांद्यांकडे पाहून त्याची पुढची हालचाल ओळखतो. नटालाही समोरच्याचे ऐकून मगच उत्तर द्यायचे असते. शिवाय चूक झाली तर तीच गोष्ट पुन्हा करायची, रुसायचे नाही, ही मैदानाची शिस्त तालमीलाही लागते.

आपल्याकडेही ही वाट अगदी अनोळखी नाही. करमाळ्याचा आकाश ठोसर हा तालमीतला पैलवान. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मुळे तो पडद्यावर आला. त्यांच्याच 'झुंड' (२०२२) मध्ये नागपूरच्या वस्तीतील फुटबॉल खेळणारी मुले दिसली. त्याहून जुना दाखला शिक्षणसंस्थेचा आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस सरांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. ज्यांच्या पूर्वजांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते, ती मुले त्या रंगमंचावर आपलाच इतिहास आपल्या तोंडाने बोलली. वर्गाचे सामर्थ्य हे असते.

१९७९ मध्ये हॉलीवूडच्या प्रसिद्ध पदपथावर सिल्व्हरहील्स यांच्या नावाचा तारा बसविण्यात आला. ५ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांची रक्षा ग्रँड नदीकाठच्या जन्मभूमीत नेण्यात आली. कॅनडाच्या लॅक्रोस सन्मान-दालनात १९९७ मध्ये त्यांचे नाव दाखल झाले. ज्या खेळातून त्यांच्या लोकांना एकदा वगळले होते, त्याच खेळाने ही नोंद केली.

भाला धरून उभा राहिलेला आमचा तो विद्यार्थी दहावीनंतर शाळा सोडून गेला. त्याला संवाद द्यायचे माझ्याकडून राहूनच गेले. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : भूमिका वाटण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून, मग तो कोणत्याही संघातला असो, एक उतारा मोठ्याने वाचून घ्यायचा. गेल्या वर्षी आमच्या नाटकात सर्वांत लांब स्वगत ज्याने म्हटले, तो खो-खोच्या संघाचा कर्णधार होता.