शिवरंजनीत ‘नी’ नाही : मुंबईतल्या स्ट्रिंग क्वार्टेटची एक अडचण

आकाशवाणीची ती सकाळची धून गिरगाव-दादरच्या जुन्या माणसांना आजही तोंडपाठ आहे. तिचं श्रेय सहसा वॉल्टर काउफमान यांना दिलं जातं. १९०७ साली कार्ल्सबाडला जन्मलेले हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आले. तिकडे हिटलर सत्तेवर होता. इथे त्यांनी त्याच वर्षी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनला मेहली मेहता, म्हणजे झुबिन यांचे वडील. आपलं संगीत काउफमान यांना आधी अगदी परकं वाटलं होतं. ते का, हे आज आपण बघू.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. हायडनने १७५०च्या दशकाच्या अखेरीस आपली पहिली क्वार्टेट लिहिली, ती एका सरदाराच्या घरी जमलेल्या चौघांसाठी. त्यांत रचना षड्जापासून दूर जाते आणि परत येते. परतीची वाट बहुधा प-नी-रे या एकत्र वाजणाऱ्या स्वरांतून. त्यातला ‘नी’ फार महत्त्वाचा. तो वरच्या ‘सा’ला इतका चिकटून असतो की कानाला पुढे ‘सा’च हवा होतो.

आता आकाशवाणीच्या धुनेचा शिवरंजनी घ्या : सा, रे, कोमल ग, प, ध. ‘म’ नाही, ‘नी’ही नाही. म्हणजे परतीची ती वाटच बंद! ‘नी’ घातला तर राग मोडतो, नाही घातला तर हायडनची युक्ती चालत नाही.

मग उपाय? घर सोडायचंच नाही. चेलोच्या सगळ्यांत खालच्या दोन तारांमध्ये सा-पचंच अंतर असतं. त्या नुसत्या छेडत राहिलं की झाला तंबोरा! वर बाकीचे तिघं सुरावट एकमेकांकडे सोपवतात. धूनच ऐका ना : खाली तंबोरा स्थिर, वर व्हायोलिन.

१९३७ ते १९४६ काउफमान मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. पुढे १९६८ मध्ये त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं सातवं आणि अकरावं क्वार्टेट टोरांटोच्या एआरसी आँसांब्लने ध्वनिमुद्रित केलंय, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज घरी जाऊन आधी हायडन ऐका, मग हे. दोन्हींत एकच प्रश्न मनात ठेवा : खालचा स्वर कधी हलतोय?