मार खाल्लेला दांडगा कुत्रा घरी आणताय? आधी एवढं बघा

युसूफ वडगाव (ता. केज) : ऊसतोडीचा हंगाम आला की केज तालुक्यातल्या गावागावांतून कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. घराला कुलूप लागतं. जनावरं सोबत जातात, नाहीतर नातेवाइकांकडे ठेवली जातात. कुत्रा मात्र बऱ्याचदा मागेच राहतो. दुसरीकडे शहरात हौसेनं घेतलेला जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर आवरेनासा झाला की ‘शेतावर मोकळा राहील’ म्हणून गावाकडे पाठवला जातो. असा मोठा, ताकदीचा आणि हाल सोसलेला कुत्रा दारात आला, की ठेवायचा का, हा प्रश्न पडतो. आखाड्याला राखण होते, मुक्या जिवाला आसरा मिळतो. पण घाई केली तर फटका घरातल्या लेकरांना बसतो, आणि एकदा चावलेल्या कुत्र्याला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

तो असा का वागतो?

आखूड साखळीला वर्षानुवर्षं बांधलेला, उपाशी ठेवलेला किंवा काठीनं झोडपलेला कुत्रा काही गोष्टी विसरत नाही. कोणी खाली वाकलं की त्याला दगड आठवतो. झोपेत अंगावर हात पडला की तो दचकून तोंड टाकतो. खाताना कोणी जवळ गेलं की भाकरी हिसकावली जाईल असं त्याला वाटतं. हा खुनशीपणा नाही, भीती आहे. पण भ्यालेला कुत्राही चावतोच, आणि जबडा मोठा असला तर जखमही मोठी होते.

शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश आहे, असं दरवेळी नसतं. अंग ताठ झालं, नजर रोखली, खाता खाता एकदम थांबला, ओठ वर गेला, तर तिथूनच मागं फिरावं. गुरगुरणं हा त्याचा इशारा असतो. गुरगुरला म्हणून मारलं, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावतो.

आणण्याआधी काय विचाराल?

आधीच्या मालकाला सरळ विचारावं : कोणाला चावलाय का? कशावरून? लहान लेकरं, शेळ्या, कोंबड्या पाहिल्या की काय करतो? शक्य असेल तर दोन-तीनदा जाऊन त्याला बघून यावं. जातीचा स्वभावही ध्यानात घ्यावा. आपल्याकडचा कारवान हा धावून शिकार धरणारा कुत्रा. पळणारी शेळी पाहिली की त्याचे पाय थांबत नाहीत. रॉटवायलरचा पूर्ण वाढीचा नर पन्नास किलोच्या आसपास भरतो. त्याला आवरणारं माणूस दिवसभर घरी असतं का, हेही बघावं. रांगतं मूल किंवा काठी टेकत चालणारी आजी घरात असेल आणि कुत्र्याला वेगळी जागा देता येत नसेल, तर ‘नाही’ म्हणणंच शहाणपणाचं.

पहिले तीन महिने

कुत्रे सांभाळणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने विश्वास बसायला. हाल सोसलेल्याला याहूनही जास्त वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात कुत्रा गरीब गाय वाटला म्हणून साखळी सोडून लेकरांत बसवू नये. अनेकदा तो शांत नसतो, नुसता गांगरलेला असतो.

त्याला वाटेवर किंवा दारात बांधू नये. गोठ्याच्या मागं, सावलीत, आडोशाला जाळी मारून जागा करावी. सुरुवातीला एकाच माणसानं ठरल्या वेळी खायला-प्यायला द्यावं. डोळ्याला डोळा न भिडवता बाजूला बसावं, त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावं. खाताना आणि झोपेत हात लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येक लेकराला शिकवावं. कुत्र्याजवळ लेकरू एकटं सोडू नये. बैलाला मुसकं घालतात तशी कुत्र्यासाठी जाळीची टोपली मिळते. तिची सवय आधीच लावली तर दवाखान्यात नेताना त्रास होत नाही.

खाणं हळूहळू वाढवावं. नुसत्या दूध-भाकरीवर मोठा कुत्रा भरत नाही. अंडी, मांस असं काही लागतं. कांदा-लसणाचं कालवण मात्र देऊ नये, ते कुत्र्याला बाधतं. आल्या आल्या पशुवैद्यकाकडून रेबीजची लस आणि जंताचं औषध द्यावं, नसबंदीचंही विचारून घ्यावं. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

चावलाच तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. सरकारी दवाखान्यात लस साधारणपणे ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. रक्त निघालं असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं, पण त्यासाठी लस थांबवू नये. रेबीज एकदा उलटला की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, उपाशी ठेवणं आणि सबळ कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे. कुत्र्यांच्या झुंजी लावणंही त्यातच येतं. आपल्या जनावरामुळे लोकांना धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदीचं केंद्राचं परिपत्रक मार्च २०२४ मध्ये निघालं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. जात कोणतीही असो, जबाबदारी पाळणाऱ्याचीच.

जागा आणि माणूस असेल तरच

खडतर आयुष्य काढलेल्या कुत्र्याला म्हातारपणी चांगलं घर मिळाल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात बॉम्ब शोधणारे पोलिसांचे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर राहिले. २०१६ साली एकामागून एक चौघेही गेले. ते शिकवलेले कुत्रे होते, मार खाल्लेले नव्हते. तरी त्यांनाही मोकळी जागा, दवापाणी आणि रोज बघणारं माणूस लागलंच.

एवढं जमणार नसेल तर कुत्रा दारात येण्याआधीच नकार द्यावा. आणून महिन्याभरात शेजारच्या गावाच्या शिवारात नेऊन सोडणं हा गुन्हा तर आहेच, पण आपल्या दारातला धोका दुसऱ्याच्या लेकरांच्या वाटेवर ठेवणंही आहे.