पोर्ट एकच, समजुती अनेक

मार्च 2015 मध्ये ॲपलने बारा इंची मॅकबुक जाहीर केला, तेव्हा त्याच्या हलकेपणाइतकीच चर्चा झाली ती त्याच्या डाव्या कडेची. तिथे एकच यूएसबी-सी पोर्ट होता. चार्जर तिथेच लावायचा, पेनड्राइव्ह तिथेच आणि प्रोजेक्टरची वायरही तिथेच. उजव्या कडेला हेडफोनचं भोक, बाकी काही नाही. पुढच्या वर्षी असूसने झेनबुक 3 आणला, त्याचीही रचना अशीच. मॅकबुकचं हे मॉडेल जुलै 2019 मध्ये बंद झालं, तरी असे लॅपटॉप सेकंडहँड बाजारात अजून हात बदलत असतात. दोन पोर्टवाल्यांनीही फार हसू नये, कारण एकात चार्जर घातला की त्यांच्याकडेही एकच उरतो. म्हणून या एका पोर्टभोवती जमलेल्या समजुती जरा तपासून पाहू.

‘लॅपटॉप पातळ, म्हणून पोर्ट एक’

हे अर्धंच खरं आहे. तो मॅकबुक मागच्या बाजूला 13.1 मिलिमीटर जाड होता आणि पुढे निमुळता होत 3.5 मिलिमीटरवर यायचा. अशा कडेत जुना रुंद यूएसबी किंवा नेटवर्क केबलची जाडजूड पिन बसवणं अवघडच. पण यूएसबी-सीचं तोंड जेमतेम अडीच मिलिमीटर उंचीचं आणि साडेआठ मिलिमीटर रुंदीचं असतं. असे दोन-तीन पोर्ट बसवायला जाडी आड येत नाही. 2016 मधला एचपीचा स्पेक्टर 13 अवघा 10.4 मिलिमीटर जाड होता आणि त्याला तीन यूएसबी-सी पोर्ट होते. ॲपलचाच 2022 चा मॅकबुक एअर 11.3 मिलिमीटरचा आहे. त्यात त्याच आकाराचे दोन थंडरबोल्ट पोर्ट, चार्जिंगसाठी वेगळा चुंबकी कनेक्टर आणि हेडफोनचीही सोय आहे. म्हणजे जास्त पोर्टवाला लॅपटॉप एका पोर्टवाल्यापेक्षा पातळ निघाला.

खरी कारणं आतली होती. पंखा नाही, कमी विजेवर चालणारा कोअर एम प्रोसेसर, अगदी चिमुकला मदरबोर्ड आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्या जागेत बॅटरी. प्रत्येक जादा पोर्टच्या मागे वीज आणि डेटा सांभाळणाऱ्या चिप लागतात, बोर्डवर जागा लागते. शिवाय बाकी सगळं लोक वायरलेस करतील, असा कंपनीचा हिशेब होता. तो घरात बऱ्यापैकी जमतो. पण कॉलेजच्या सभागृहात, जिथे प्रोजेक्टरला अजून निळी व्हीजीए वायर लोंबकळत असते, तिथे तो कोसळतो. पोर्टमधून निघणारं चित्र डिजिटल आणि व्हीजीए ॲनालॉग, त्यामुळे तिथे नुसतं जोडणीचं टोक पुरत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो.

‘भोक सारखं, म्हणजे काम सारखं’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. यूएसबी-सी हे तोंडाच्या आकाराचं नाव आहे. 2014 मध्ये त्याचं मानक आलं, त्यात 24 पिना आहेत आणि ते उलटंसुलटं कसंही बसतं. त्या तोंडामागे काय आहे, हे आकारावरून कळत नाही. मागे सेकंदाला 480 मेगाबिटचा जुना यूएसबी 2 असू शकतो, 5 किंवा 10 गिगाबिटचा यूएसबी 3 असू शकतो, नाहीतर 40 गिगाबिटचा थंडरबोल्ट. काही पोर्ट बाहेरच्या पडद्याला चित्र देतात, काही देतच नाहीत. काहींतून लॅपटॉप चार्ज होतो, काहींतून नाही. 2015 च्या त्या मॅकबुकचा पोर्ट 5 गिगाबिटचा होता, चित्र द्यायचा, त्यातून चार्जिंगही व्हायचं, पण थंडरबोल्ट त्याला नव्हता. त्यामुळे कुणी हौसेने थंडरबोल्ट 3 चा महागडा डॉक आणून जोडला, तर पिन छान बसते आणि डॉक बहुतेकदा मुका राहतो.

केबलचंही तेच. चार्जरबरोबर आलेली जाड, भक्कम दिसणारी केबल बहुतेकदा डेटाच्या बाबतीत 480 मेगाबिटचीच असते, कारण ती विजेसाठी बनवलेली. लग्नाच्या शूटिंगचा 100 गिगाबाइटचा ऐवज तिच्यातून एसएसडीवर टाकायला घेतला, तर पाऊण तासाच्या आसपास जातो. तोच लॅपटॉप, तीच एसएसडी, पण केबल 5 गिगाबिटची असेल तर काम चार-पाच मिनिटांत उरकतं. लोक दोष देतात लॅपटॉपला.

आणखी एक. यूएसबी-सीकडून एचडीएमआयकडे जाणारा ॲडॉप्टर एकतर्फी असतो. एचडीएमआयवाल्या जुन्या लॅपटॉपला यूएसबी-सी मॉनिटर जोडायला तोच उलटा लावून चालत नाही.

‘हब लावला की पोर्ट वाढले’

तोंडं वाढली, पोर्ट एकच राहिला. एका नळाला चार तोट्या बसवल्या म्हणून मागच्या पाइपातून जास्त पाणी येत नाही. 5 गिगाबिटच्या पोर्टवर हब लावून दोन एसएसडींवर एकाच वेळी फाइली टाकायला घेतल्या, की दोघी त्याच 5 गिगाबिटमध्ये वाटेकरी होतात. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह यांना याने काही फरक पडत नाही, म्हणून बहुतेकांना ही मर्यादा कधी जाणवतच नाही.

जाणवते ती पडदा जोडल्यावर. यूएसबी-सीमध्ये वेगवान डेटासाठी तारांच्या चार वाटा असतात. एचडीएमआयवाला साधा हब त्यातल्या दोन चित्राला देतो आणि दोन यूएसबी 3 साठी ठेवतो. जुन्या लॅपटॉपवर दोन वाटांमधून फोर-के चित्र सेकंदाला 30 वेळाच जाऊ शकतं, 60 वेळा नाही. परिणामी माउसचा बाण पडद्यावर अडखळत सरकतो, आणि माणसाला वाटतं मॉनिटर खराब आहे. नव्या लॅपटॉपमध्ये एकेका वाटेचा वेग वाढला आहे, त्यामुळे हब आणि लॅपटॉप दोघेही नव्या पिढीचे असतील तर दोन वाटांतही 60 जमतं. एकच जण नवा असून भागत नाही. काही हब चारही वाटा चित्राला देऊन टाकतात. मग चित्र सुरेख, पण त्याच हबवरची हार्डडिस्क यूएसबी 2 च्या वेगावर येते. खोक्यावर ‘4के’ मोठ्या अक्षरांत असतं. 30 की 60 हे बारीक अक्षरांत शोधावं लागतं, आणि ते सापडलं नाही तर 30 धरून चालावं. दोन एचडीएमआय असलेला स्वस्त हब मॅकला लावला तर दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दिसतं. हब ज्या पद्धतीवर विसंबून असतो, ती विंडोजमध्ये चालते, मॅकओएसमध्ये नाही.

आपल्याकडे हबची खरी परीक्षा लाइट जाते तेव्हा होते. चार्जर हबला, हब लॅपटॉपला आणि हबवर हार्डडिस्क, अशी मांडणी असताना हब आणि डिस्क चार्जरच्या विजेवर चालत असतात. लाइट गेली की त्यांना लॅपटॉपच्या बॅटरीतून वीज मिळायला हवी. या अदलाबदलीत क्षणभराचा खंड पडला तरी डिस्क ‘काढली’ गेली असं लॅपटॉप समजतो आणि चालू असलेली कॉपी तुटते. वीज झटकन उलटी फिरवण्याची तरतूद यूएसबीच्या वीज-मानकाच्या, म्हणजे पॉवर डिलिव्हरीच्या, तिसऱ्या आवृत्तीत आहे, पण ती हब आणि लॅपटॉप दोघांतही असावी लागते. नसेल तर कुणी चार्जरची पिन नुसती काढली तरी हेच घडतं. बॅकअप चालू असताना चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवणं, किंवा चार्जर आधीच काढून बॅटरीवर काम करणं, हा साधा उपाय.

‘जास्त वॅटचा चार्जर लॅपटॉप जाळतो’

नाही जाळत. यूएसबी-सी चार्जर सुरुवातीला फक्त 5 व्होल्ट देतो. मग तो आपल्याकडे काय काय आहे याची यादी पाठवतो, साधारण 9, 15, 20 व्होल्ट अशी, आणि त्यातलं काय हवं ते लॅपटॉप निवडतो. बारा इंची मॅकबुकबरोबर 29 वॅटचा चार्जर यायचा. त्याला 87 वॅटचा लावला तरी तो हवं तेवढंच घेतो. अडचण होते ती कमी वॅटने. 20 वॅटच्या फोन चार्जरवर असा लॅपटॉप रात्रभरात भरेल, पण काम चालू असताना बॅटरी उतरतही राहील. फोनच्या चार्जरवर 80 वॅट छापलेले असले तरी ते आकडे बऱ्याचदा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात आणि लॅपटॉपच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. मधे हब असेल तर तो स्वतःसाठी काही वॅट राखून ठेवतो, म्हणून 65 वॅट लागणाऱ्याने हबमार्फत चार्ज करताना थोडा मोठा चार्जर घ्यावा. केबलही बघावी लागते. साधी यूएसबी-सी केबल 3 अँपिअरची, म्हणजे 60 वॅटपर्यंतची. त्यापुढे आपली ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते.

जाळणारी वस्तू वेगळीच आहे. गुगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग 2015 पासून बाजारातल्या यूएसबी-सी केबल विकत घेऊन एकेक तपासत होते. फेब्रुवारी 2016 मध्ये आतल्या तारा चुकीच्या जोडलेल्या एका स्वस्त केबलने त्यांचा क्रोमबुक पिक्सेलच निकामी केला. त्यानंतर दोनेक महिन्यांतच ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या यूएसबी-सी केबलच्या विक्रीवर बंदी घातली. फुटपाथवरच्या टोपलीतून केबल उचलताना हे आठवलं तर बरं.

‘एकच पोर्ट, तो लवकर झिजणार’

यूएसबी-सी पोर्टने 10,000 वेळा पिन घालणं-काढणं सोसावं, अशी मानकाची अपेक्षा आहे. रोज चार वेळा धरलं तरी पावणेसात वर्षं होतात. पोर्ट ‘मेला’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा आत बॅगेतला धागा-कचरा दबून बसलेला असतो आणि पिन पुरती जात नाही. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद काढता येतो. धातूची टाचणी घालू नये. पिन लावलेली असताना लॅपटॉप गादीवर टेकला आणि ती वाकली, तर मात्र खरं नुकसान होतं. लांबुळका पेनड्राइव्ह थेट पोर्टला लावण्यापेक्षा छोट्या वायरीचा हब बरा, तो याच कारणासाठी.

भीती वेगळ्या ठिकाणी हवी. एकुलता पोर्ट गेला की चार्जिंग आणि डेटा एकदमच जातात, आणि त्या मॅकबुकसारख्या लॅपटॉपात एसएसडी बोर्डवरच डाखलेली असल्याने ती काढून दुसरीकडे लावता येत नाही. अशा लॅपटॉपचा बॅकअप वायफायवरून आपोआप होत राहील असं बघावं.

‘आता कायदाच आलाय, सगळं एक होईल’

युरोपीय संघाने चार्जिंगसाठी यूएसबी-सी सक्तीचं केलं. फोन आणि टॅबलेटसाठी 28 डिसेंबर 2024 पासून, लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 पासून. भारतीय मानक ब्यूरोनेही यूएसबी-सीचं मानक जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध केलं. युरोपच्या नियमाचा रोख वीज कुठून आणि कशी आत जाईल यावर आहे. पोर्ट किती असावेत, त्यातून पडदा चालावा का, डेटा किती वेगाने जावा, यांपैकी कशाचीही सक्ती तो करत नाही. एका पोर्टचा लॅपटॉप आणि त्याच्यासोबत 480 मेगाबिटची केबल, ही जोडी त्या नियमात चोख बसते.