ब्रेकची लवचिक नळी

ब्रेकची लवचिक नळी : मोटारगाडीच्या सांगाड्यावरील ब्रेकची धातूची नळी व चाकाजवळील ब्रेकयंत्रणा यांना जोडणाऱ्या जाड रबरी नळीस हे नाव देतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्काल यांच्या तत्त्वावर द्रवचालित ब्रेक चालतात. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांना १९१७ मध्ये अशा ब्रेकचे एकस्व मिळाले. पुढची चाके वर-खाली होतात, शिवाय वळतात. म्हणून तेथील नळीला सर्वांत जास्त वाक सोसावा लागतो.

नळीच्या आतील छिद्राचा व्यास सु. ३ मिमी. असतो. त्याभोवती कृत्रिम धाग्यांची वीण व तिच्यावर पुन्हा रबराचा थर असतो. विणीमुळे नळी दाबाखाली फारशी फुगत नाही. फुगल्यास पायपट्टीची चाल तितकी वाया जाते.

बाहेरील भेगा किंवा गळती डोळ्यांना दिसते. आतील बिघाड मात्र फसवा असतो. आतले रबर सुजून छिद्र बुजत आले, तरी पायाच्या जोराने द्रव पुढे जातो. परतताना त्याला ढकलणारे बळ अगदी थोडे असल्याने तो अडकून राहतो. नळी एकदिश झडपेसारखी वागते, चाक घासत राहते, चकती तापते आणि पुष्कळदा दोष कॅलिपरचा समजून तोच विनाकारण बदलला जातो. चाक उचलून, ब्रेक दाबून सोडल्यावर ते जखडलेलेच राहिले, तर प्रथम नळीचा वरचा सांधा किंचित सैल करावा. तेवढ्याने चाक सुटल्यास दोष मुख्य सिलिंडराकडील बाजूस असतो. न सुटल्यास कॅलिपरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. त्याने सुटले, तर नळीच बुजलेली आहे. त्यानेही न सुटल्यास बहुधा कॅलिपरमधील दट्ट्या अडकलेला असतो.

नळी बदलताना गाडी सपाट जागी उभी करून मागील चाकांना अडण्या लावतात. केवळ जॅकवर विसंबू नये; सांगाड्याखाली भक्कम आधार द्यावा. वरचा सांधा सोडताना नळीचे टोक एका पान्याने धरून ठेवतात, नाहीतर धातूची नळी पिळवटते. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये. नव्या नळीबरोबर तांब्याचे वायसरही नवे घालतात. नळीत पीळ राहता कामा नये. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कोठे घासत वा ताणली जात नाही, हे पाहावे. दोन्ही पुढच्या नळ्या एकाच वयाच्या असल्याने त्या जोडीने बदलणे बरे.

यानंतर हवा काढणे अपरिहार्य असते, कारण हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. मदतनीस पायपट्टी दाबून धरतो, तेव्हा स्क्रू उघडतात आणि पायपट्टी सोडण्यापूर्वी बंद करतात. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे लागते. टाकीतील द्रव संपू दिल्यास हवा पुन्हा शिरते. एबीएस असलेल्या काही गाड्यांत यासाठी वेगळे उपकरण लागते.

द्रव निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचाच व नव्या डब्यातील घ्यावा. तो हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५° से. असतो, ओलावा शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १४०° से. आहे. लांब घाट उतरताना ब्रेक तापून असा द्रव उकळला, तर वाफेमुळे पायपट्टी एकाएकी तळाला जाते. रंगावर सांडलेला द्रव लगेच पाण्याने धुवावा. इंजिनाचे तेल या यंत्रणेत चुकूनही घालू नये. त्याने रबर सुजते.