एमटीएच-१: डीएनएचा कच्चा माल तपासणारं एन्झाइम

डीएनए रिपेअर तुम्ही बीएस्सीपासून वाचत आला आहात. पण डीएनए बनायच्या आधीच, सुटी न्यूक्लिओटाइड्सच खराब झाली तर? ऑक्सिडेशनमुळे डीजीटीपीचं ८-ऑक्सो-डीजीटीपी होतं. ते सायटोसीनसमोर बसतं, तसंच अॅडेनिनसमोरही बसतं, आणि गोची तिथेच आहे. पुढच्या प्रतींमध्ये ए-टी जोडीच्या जागी सी-जी येते.

माणसात हा माल आधीच बाद करतं एमटीएच-१. जेमतेम १५६ अमिनो आम्लांचं प्रोटीन. ते ट्रायफॉस्फेटमधून पायरोफॉस्फेट तोडतं. उरलेलं मोनोफॉस्फेट पॉलिमरेजला वापरता येत नाही. तोडणारा भाग म्हणजे नुडिक्स बॉक्स, २३ अमिनो आम्लांचा पट्टा. त्यातली ग्लुटामेट्स मॅग्नेशियम धरून ठेवतात.

इथवर पाठ्यपुस्तकात मिळेल. मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. हेच एन्झाइम २-ऑक्सो-डीएटीपीसुद्धा तोडतं. दोन्ही बेसवर हायड्रोजन बंधाच्या जागा वेगळ्या, मग एकाच खाचेत दोघं बसतात कसे? खाचेत अॅस्पार्टेट ११९ आणि १२० शेजारी-शेजारी आहेत. कोणावर प्रोटॉन आहे, हे समोरच्या बेसप्रमाणे बदलतं. आता लक्षात घ्या, नेहमीच्या एक्स-रे रचनेत हायड्रोजन दिसतच नाहीत. पीडीबी फाइल उघडून नुसतं बघत बसलात तर उत्तर सापडणार नाही. त्यासाठी फार उच्च रिझोल्यूशनचा डेटा लागतो.

आता औषधाची गोष्ट. कॅन्सर पेशींमध्ये ऑक्सिडेशनचा ताण जास्त, म्हणून हे एन्झाइम बंद केलं तर त्या मरतील, अशी कल्पना. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये एकाच वेळी दोन पेपर आले, टीएच५८८ आणि एस-क्रिझोटिनिब या रेणूंवर. सगळे खूश. २०१६ मध्ये इतर गटांनी एमटीएच-१ ला जोरदार अडवणारे नवे रेणू बनवले, पण पेशी आरामात जगल्या! टीएच५८८ मायक्रोट्यूब्यूल्सनाही धक्का लावतो, असंही पुढे आलं. त्यावरून बरीच वादावादी झाली.

जर्नल क्लबला असा पेपर वाट्याला आला, तर आधी एकच आकृती शोधा: एमटीएच-१ चं जीन काढून टाकलेल्या पेशींना तेच औषध दिलंय का? त्याही तशाच मेल्या असतील, तर औषध दुसऱ्याच कुणाला तरी मारतंय.